बूड खाली, भाव वर

माझ्या सायकलची सॅडल, म्हणजे सीट, हँडलबारपेक्षा उंच आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमन रोज तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि काही न बोलता गेट उघडतो. क्रॉस-कंट्री माउंटन बाइकची बैठक अशीच असते, हे त्याला कोण सांगणार? पेडल तळाला गेलं की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, तरच चढावर मांड्यांचा जोर वाया जात नाही. ठाण्यात उपवनहून येऊरचा डोंगर चढताना या उंचीचा फायदा पदोपदी जाणवतो.

उतरताना मात्र तीच सॅडल वैरीण होते. उतारावर अंगाचं वजन खाली आणि मागे न्यायचं असतं. पण न्यायचं कुठे? तिथे सॅडल ठाण मांडून उभी. वजन पुढेच ठेवलं तर हँडलबारवरून थेट येऊरच्या लाल मातीला साष्टांग नमस्कार.

यावर उपाय म्हणजे ड्रॉपर सीटपोस्ट, सॅडलखालची वरखाली होणारी दांडी. हँडलबारवरचा खटका दाबायचा, बसायचं, सॅडल खाली. पुन्हा खटका दाबून बूड उचललं की सॅडल आपोआप वर. पूर्वी क्रॉस-कंट्रीवाले या प्रकाराला नाकं मुरडायचे. वजनाचं निमित्त. आता क्रॉस-कंट्रीच्या विश्वचषकातही ड्रॉपर सर्रास दिसतो. एवढंच कशाला, 2022 ची मिलान–सान रेमो ही रस्त्यावरची शर्यत मातेय मोहोरिचने जिंकली, तीही साध्या रोड बाइकवर ड्रॉपर लावून, पोज्जो टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागे टाकून. हा दाखला मी घरी जेवताना दिला. "त्याला सायकल चालवायचे पैसे मिळतात," असं म्हणून बायकोने मला आमटी वाढली.

ड्रॉपर साधारणपणे केबलवर चालतो आणि ती केबल फ्रेमच्या आतून जाते. माझी कार्बनची फ्रेम जुन्या वळणाची आहे, तिला त्यासाठी भोकच नाही. केबल बाहेरून न्यावी, तर पावसाळ्यात चिखल खाऊन ती चार दिवसांत संपावर जाते. म्हणून मी ठरवलं, बिनकेबलचा घ्यायचा. आणि क्रॉस-कंट्रीची सायकल म्हटल्यावर हलका. इथून पुढे माझी झोप गेली.

कारण हलके असतात त्यांना केबल असते आणि बिनकेबलचे असतात ते हलके नसतात. साध्या कार्बन सीटपोस्टचं वजन 200 ग्रॅमच्या आसपास. डीटी स्विसचा डी 232 साधारण 400 ग्रॅमचा, फक्त 60 मिलिमीटर खाली जाणारा, अगदी माझ्यासारख्यांसाठीच केलेला. पण केबलवाला. रॉकशॉक्सचा रिव्हर्ब एएक्सएस वायरलेस, 2019 मध्ये आला, पण त्याचं वजन 600 ग्रॅमच्या वर. म्हणजे एक केबल काढायची तर तिच्या बदल्यात बॅटरी, मोटर, रेडिओ आणि रिमोट अंगावर घ्यायचे. शिवाय व्यासाचं लफडं. सीटपोस्ट 27.2, 30.9, 31.6 मिलिमीटर अशा मापांत येतात. माझी नळी कोणत्या मापाची, हे फ्रेमवर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मोजायचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलं. काकांची हयात वागळे इस्टेटमध्ये लेथवर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात, काकांनी व्हर्नियर सांभाळला आहे. त्यांनी जुना पोस्ट काढला, पुसला, उजेडात धरला आणि कुणाची तरी नाडी बघावी तसा मोजला.

"सत्तावीस पॉइंट दोन. आता सांग, करायचंय काय?"

मी सांगितलं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ऑफिसची खुर्ची."

"तसंच काहीसं, काका. पण वायरलेस."

"मोटर वर ढकलते?"

"नाही. वर हवेच्या दाबाने जातं."

"मग खाली ओढते?"

"खाली आपणच बसून दाबायचं."

"मग मोटर करते काय?"

"आतला व्हॉल्व्ह उघडते."

काकांनी चष्मा काढला. "केवढ्याला?"

"बाजारात आला तेव्हा 800 डॉलर. वर कस्टम, जीएसटी वेगळं."

"व्हॉल्व्ह उघडायला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी बॅटरीकडे वळलो. कंपनी म्हणते, एका चार्जवर 40 तास. तीच बॅटरी त्यांच्या वायरलेस गिअरलाही बसते. म्हणजे जंगलात गिअरची बॅटरी संपली तर सीटची काढून तिकडे लावायची. "मग सीट?" काका म्हणाले. मग सीट जिथे असेल तिथे. रिमोटमध्ये 2032 चा नाण्याएवढा सेल. तोच सेल आमच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातही आहे आणि त्याच काट्यावर मी घरातले सगळे पार्ट तोलत असतो. तेव्हा आणीबाणीत कोणाचा सेल कुठे जाईल, हे उघड आहे. शिवाय बॅटरी सॅडलच्या खाली मागच्या बाजूला लागते, नेमकी जिथे माझी पंक्चरच्या सामानाची पिशवी लटकते. मग पिशवी कुठे? खिशात. म्हणजे सायकलचं वजन कमी आणि माझं जास्त.

याच घराण्याचा 27.2 मापाचा धाकटा भाऊही आहे, एक्सपीएलआर नावाचा, 2021 चा. तो 50 किंवा 75 मिलिमीटरच खाली जातो. फार तर चार बोटं. खरं सांगायचं तर मला तेवढं पुष्कळ. माझे खरे उतार म्हणजे घोडबंदर रोडवरचे स्पीडब्रेकर. आणि सर्वात मोठा उपयोग कापूरबावडीच्या सिग्नलला, जिथे दोन्ही पाय जमिनीला टेकवून मला माणसासारखं उभं राहता येईल. सध्या मी तिथे एका टाचेवर असतो आणि शेजारचा रिक्षावाला माझ्या तोलाचा अंदाज घेत रिक्षा थोडी बाजूला सरकवतो.

काकांनी तोडगे काढायला सुरुवात केली. पहिला तोडगा क्विक रिलीज. सीटच्या क्लॅम्पला खटका लावायचा, उतार आला की थांबून सीट खाली ढकलायची. यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत अशा क्लॅम्पला हाइट-राइट नावाची स्प्रिंग जोडायचे, सीट आपली आपण वर यायची. ना केबल, ना बॅटरी, वजन नगण्य.

"पण काका, शर्यतीत थांबता येत नाही."

"तू कुठल्या शर्यतीत आहेस?"

"तत्त्व म्हणून सांगतोय."

"येऊर चढून गेल्यावर तू तसाही पाच मिनिटं दम खात थांबतोसच की. त्यात सीट खाली करायची."

हे त्यांना कोणी सांगितलं, ते मला ठाऊक आहे. ती व्यक्ती आमच्याच घरात राहते.

दुसरा तोडगा ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. काकांनी फ्रेमवर बोट वाजवलं, कान लावला आणि विचारलं, "केबलला भोक नाही, एवढीच अडचण ना?"

"हो, पण..."

"पाच मिलिमीटर पुरेल? ड्रिल माझ्याकडे आहे. घेऊन येतो. दोन मिनिटांचं काम. हलकाही येईल आणि स्वस्तही."

कार्बनची फ्रेम म्हणजे धाग्यांवर धागे चिकटवलेले असतात, धागा कापला की ताण नेमका त्या भोकापाशी गोळा होतो, फ्रेम तिथूनच तडकते, हे सगळं मी हात जोडून समजावलं. काकांचं म्हणणं असं की, आयुष्यभर भोकं पाडली, एकही तडकलं नाही. सगळी लोखंडात होती, ही बारीकशी गोष्ट त्यांना गौण वाटते.

तेव्हापासून सायकल पार्किंगमधून उचलून बेडरूममध्ये आणली आहे. बायकोने दोन रात्री कपाट आणि हँडलबार यांच्यामधून वाट काढली आणि तिसऱ्या सकाळी स्वतःहून म्हणाली, "अहो, तो महागाचा आणा एकदाचा." मोहोरिचला जे जमलं नाही, ते काकांच्या ड्रिलने केलं. ऑर्डर मी अजून दिलेली नाही. 50 चा घ्यावा की 75 चा, यावर अडलंय. आत्ताच बेल वाजली. काका दारात आहेत, हातात एक्स्टेंशन बोर्ड घेऊन, आणि विचारताहेत, "प्लग पॉइंट बेडरूममध्ये आहे ना रे?"