टँकरला पाणी मिळतं, मग पाईपला काय धाड भरलीये?

परत तोच मेसेज. तातडीची देखभाल दुरुस्ती, चोवीस तास पाणी बंद, त्यानंतर पुढचे एक ते दोन दिवस कमी दाबाने पाणीपुरवठा होईल तरी नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरून सहकार्य करावे. माझ्या मुलीला हे पाठ आहे, ती ते शाळेच्या प्रार्थनेच्या चालीवर म्हणते. अहो पण काटकसर करायला आधी हातात काहीतरी असावं लागतं ना! आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडला एरवी तरी कुठे दाबाने येतं, आधी पाच मिनिटं नळ नुसता म्हाताऱ्यासारखा खोकतो आणि मग करंगळीएवढी धार. शटडाऊनचा दिवस कुठला आणि साधा दिवस कुठला ते नुसत्या नळाकडे बघून ओळखून दाखवा, माझ्यातर्फे वडापाव.

आणि आता खरी गंमत ऐका. त्याच शटडाऊनच्या दिवशी सकाळी सकाळी गेटमधून टँकर आत येतो. एक नाही, एकामागे एक. रिव्हर्सचं ते टुंग टुंग म्युझिक, वॉचमन काका शिट्टी मारतायत, पाईप लावला, अंडरग्राउंड टाकीत धबधबा सुरू. मग मला कोणीतरी शाणं माणूस सांगा, सगळ्या शहरात पाणी बंद आहे ना? मग हे कुठून आलं? ड्रायव्हरला विचारलं तर तो गालात हसतो, सेक्रेटरी म्हणतात बोअरचं आहे, पलीकडच्या विंगचे काका म्हणतात विहिरीचं आहे. बरं असेल बाई बोअरचं, कधी कधी असतंही, त्या दिवशी साबणाला फेस येत नाही आणि केसांचा झाडू होतो. पण एखाद्या दिवशी त्याच टँकरच्या पाण्याला असा क्लोरीनचा वास असतो की स्विमिंग पूलजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं. बोअरमध्ये क्लोरीन कोण घालायला बसलंय? म्हणजे कुठेतरी कोणीतरी शुद्ध केलेलं, पाईपमधून आमच्याकडे यायला निघालेलं पाणी वाटेत टँकरमध्ये बसलं आणि तिकीट काढून आमच्याकडे आलं. हा माझा संशय आहे, पुरावा नाही, पण संशय घ्यायला नाक पुरतं.

मे महिन्यात तर विचारू नका. टँकरचा रेट वाढतो, आणि जास्त पैसे देऊनही "मॅडम आज नाही जमणार, नंबर लागलेत" असं ऐकून घ्यायचं. मॅडम म्हणतो हे बरं आहे. कमिटीतले लोक त्या टँकरवाल्याशी ज्या प्रेमाने बोलतात तसं घरी बायकोशी बोलत असतील तर शप्पथ.

आता जरा हिशोब करू, कारण मला लोकांनी "अगं पाणीच नाहीये तर ते तरी काय करणार" हे सांगून सांगून वात आणलाय. ठाणे शहराला रोज साधारण 585 दशलक्ष लिटर पाणी मिळतं. हा आकडा काही गुपित नाही, दर उन्हाळ्यात पेपरात येतो. त्यातलं 250 महापालिकेच्या स्वतःच्या योजनेचं, 135 एमआयडीसीचं, 115 स्टेम नावाच्या पाणी पुरवणाऱ्या प्राधिकरणाचं आणि 85 मुंबई महापालिकेकडून. 2011च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या होती 18 लाख 41 हजार. मान्य, त्यानंतर इथे टॉवर उगवलेत पावसाळ्यातल्या टाकळ्यावानी, तर आपण अगदी सढळ हाताने 30 लाख धरू. भागाकार करा. माणशी 195 लिटर. आणि शहरासाठी सरकारी निकष काय, तर माणशी 135 लिटर. म्हणजे आणखी लाखो माणसं धरूनही कागदावर निकषापेक्षा 60 लिटर जास्तच आहे!! दुकानं हॉटेलं हॉस्पिटलं कारखाने वजा करा, ठीक, पण मग माझ्या टाकीत का खडखडाट? कुठे जातं? फुटक्या लाईनीतून जमिनीत किती, चोरून जोडलेल्या कनेक्शनमध्ये किती, मेन लाईनला डायरेक्ट मोटर लावून खेचणाऱ्यांच्या टाकीत किती, हे नुसतं मोजून एका बोर्डावर लिहा ना. पण नाही. मोजलं तर उत्तर द्यावं लागेल.

त्यापेक्षा सोपं काय, "ठाण्याला स्वतःचं धरण नाही" हे म्हणणं. माझं लग्न होऊन मी ठाण्यात आले तेव्हापासून हेच ऐकतेय, प्रत्येक निवडणुकीला एक धरण जाहीरनाम्यात भरतं आणि निकालानंतर आटतं. शाई म्हणे, काळू म्हणे. काळूचं तर मुरबाड तालुक्यात काम सुरू पण केलं होतं, आणि 2012 साली हायकोर्टाने ते थांबवलं, कारण वनखात्याची परवानगी न घेताच खोदायला लागले होते. म्हणजे धरणसुद्धा अनधिकृत, आमच्याकडच्या बाल्कन्यांसारखं. आणि एक सांगू, ज्या आदिवासींची गावं त्यात जाणार त्यांनी विरोध केला यात त्यांची काही चूक नाही. माझ्या पंधराव्या मजल्यावरच्या शॉवरसाठी कोणाचं घर बुडवा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू, आधी आहे ते पाणी नीट पोचवा की.

यावर माझा ऐरोलीचा मामा फार हसतो. नवी मुंबई महापालिका झाली 1992ला, ठाण्याची 1982ची, म्हणजे दहा वर्षांनी धाकटी, आणि त्यांनी तिकडे खालापूरजवळचं मोरबे धरण चक्क विकत घेऊन टाकलं. विकत! मामा दर पावसाळ्यात मोरबे भरल्याचा फोटो पाठवतो, स्वतःच्या पोराचं लग्न असल्यासारखा. त्यांच्याकडेही सगळं आलबेल नाही हे मला माहितीये, दिघ्याकडच्या लोकांना विचारा, पण निदान त्यांना भांडायला एक पत्ता आहे. आमचं पाणी भातसा धरणातून नदीत, नदीतून पिसेला उचललं, टेमघरला शुद्ध केलं, काही उल्हास नदीतून शहाडला, काही बारवी धरणाचं, काही मुंबईने दिलेलं. चार हातांचं पाणी, म्हणून कानफटात कोणाच्या मारायची तेच कळत नाही. फोन केला की "मॅडम वरूनच कमी येतंय". वरून म्हणजे? वर कोण आहे? देव? वरच्याला फोन केला तर तो म्हणतो आम्ही तर पूर्ण सोडलंय, तुमच्या भागात डिस्ट्रिब्युशनचा प्रॉब्लेम आहे. डिस्ट्रिब्युशनवाला म्हणतो चावीवाल्याशी बोला. चावीवाला म्हणतो मला जितका वेळ सांगितलाय तितका वेळ सोडतो ताई, आणि तो बिचारा खरंच सांगतो, त्याच्या हातात एक लोखंडी चावी सोडून काहीही नाही, तरी सगळ्या बिल्डिंगींच्या शिव्या त्यालाच.

आणि कुठे ना कुठे खोदकाम चालू असतंच. मेट्रो वडाळ्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि पुढे गायमुखला नेतायत, न्या, चांगलं आहे, आम्हालाच बसायचंय तिच्यात, पण त्याच रस्त्याखाली गॅस, त्याच रस्त्याखाली केबल, ड्रेनेज, पाणी, आणि कोणाच्या खाली काय आहे त्याचा नकाशा बहुतेक कोणाकडेच नाही. खरं वाटत नसेल तर 2023 आठवा. ठाण्यात बोअर मारताना मुंबईला पाणी नेणारा साडेपाच मीटर व्यासाचा जलबोगदा फोडला होता! बोगदा!! दुरुस्तीसाठी 31 मार्चपासून महिनाभराची 15 टक्के पाणीकपात जाहीर झाली मुंबईला, आणि ठाण्यातल्या ज्या भागाला मुंबईचं पाणी मिळतं त्यांनाही. पाणी शोधायला खोदलं आणि सगळ्यांचंच पाणी घालवलं. हे फक्त आमच्या ठाण्यातच होऊ शकतं.

बिल्डरांबद्दल बोलू का? बोलतेच. 2017 साली हायकोर्टाला म्हणावं लागलं होतं की घोडबंदर पट्ट्यात आधी पाण्याचं बघा, तोपर्यंत नवीन बांधकामांना परवानग्या देऊ नका. कोर्टाला! आणि आज बाहेर बघितलं तर माझ्या खिडकीतून क्रेन मोजता मोजता चहा गार होतो. प्रत्येक होर्डिंगवर इन्फिनिटी पूल. पूल आहे, स्काय डेक आहे, कुत्र्यांसाठी वेगळं पार्क आहे, तळाशी बारीक अक्षरात पाण्याची जबाबदारी कोणाची ते तेवढं नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये नळ सोडून दाखवतात तेव्हा विचारावं का की हे टँकरचं आहे का? विचारा बरं. त्या सेल्सवाल्या मुलीचा चेहरा बघा.

पावसाचं तर नावच काढू नका. चार महिन्यांत इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, येऊरच्या डोंगरावरून पाणी असं खाली येतं की सर्व्हिस रोडला गुडघाभर. आमच्या बिल्डिंगला रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे बरं का, पाटी पण आहे इंग्लिशमध्ये, हिरव्या रंगात. खड्ड्यावर दोन स्कूटर आणि एका बंद पडलेल्या नॅनोचं वास्तव्य आहे. तलावांचं शहर म्हणे. मासुंद्याला बोटिंग करा, उपवनला फोटो काढा, घरी येऊन पिंपातलं पाणी टमरेलने घ्या.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मूळच्या शहापूरकडच्या. मी एकदा अशीच तणतणत होते पाण्यावरून, त्या लाटणं न थांबवता म्हणाल्या, "ताई, तुमचा टँकर बोलवला की येतो तरी. आमच्या पाड्यावर आला की बाया धावतात." भातसा तिच्या तालुक्यात, तानसा तिच्या तालुक्यात, आणि एप्रिल लागला की तिची आई हंडा घेऊन रांगेत. धरण उशाला कोरड घशाला. मला काय बोलावं सुचेना, मी आपली कणीक मळायला अर्धी वाटी पाणी कमी दिलं असतं तर बरं असं वाटून गेलं, म्हणजे काहीच्या काही. पण यावर आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर काय बोलतात माहितीये का? "खेड्यातल्या लोकांना सवय असते." हे लिहिणारे गृहस्थ रोज सकाळी पाईप लावून गाडी धुतात. पिण्याच्या पाण्याने. शटडाऊनच्या दिवशीसुद्धा. बोललं की म्हणतात मी मेंटेनन्स भरतो. अहो सगळेच भरतात! मेंटेनन्समध्ये टँकरचा हप्ता सगळ्यांच्या डोक्यावर सारखा वाटलाय, माझ्या सासूबाई दिवसाला दोन बादल्यांत भागवतात आणि ह्यांची गाडी रोज अंघोळ करते, पैसे सारखेच. फ्लॅटला मीटर लावा म्हटलं तर कोणाला नकोय. का नकोय ते सगळ्यांना माहितीये.

आणि पाण्याचं बिल वेगळं हं. ते वेळेवर येतं, पूर्ण दाबाने येतं, त्याला कधी शटडाऊन नसतो. नळाचे पैसे भरा, टँकरचे भरा, वर पिण्याच्या जारचे भरा, कारण टँकरचं पाणी प्यायला भीती वाटते आणि त्या प्युरिफायरचा फिल्टर या पाण्याने बघता बघता चोंदतो. तो प्युरिफायर एक लिटर देताना दोन-तीन लिटर सिंकमध्ये सोडतो, ते मी बादलीत धरते, त्याने लादी पुसते, सासूबाई कुंड्यांना घालतात. काटकसर शिकवा आम्हाला. या घरी आणि शिकवा.

या रविवारी सोसायटीची एजीएम आहे. अजेंडा आलाय. पहिला विषय स्विमिंग पूलच्या टाईल्स. दुसरा गणपतीची वर्गणी. पाणी आठव्या नंबरवर, "इतर विषय, अध्यक्षांच्या परवानगीने" याच्या जस्ट वर. तिथपर्यंत पोचेस्तोवर सामोसे संपलेले असतात आणि अर्धी माणसं घरी. मी तीन गोष्टी मागणार आहे, टँकरच्या प्रत्येक खेपेची पावती आणि पाणी कुठून भरलं ते त्यावर लिहून, प्रत्येक फ्लॅटला मीटर, आणि त्या हार्वेस्टिंगच्या खड्ड्यावरून नॅनो हलवायची. सी विंगवाल्यांनो, फक्त लाईक ठोकू नका, खाली या. मागच्या वेळेस कोरम झाला नव्हता.