‘पिंग येतोय ना, मग झालं!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नेटवर्क मॉनिटरिंगवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “एसी केबिनमध्ये बसून पुस्तकी लिहिणाऱ्यांना लहान कारखान्याचं नेटवर्क काय कळणार? पिंग येतोय, पाच मिनिटांचा ग्राफ खाली आहे, म्हणजे नेटवर्क ठीक. बाकी सगळे नखरे.” (पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते बघायला पाठवलेलं डेटाचं छोटं पॅकेट; ग्राफ म्हणजे लाइन किती भरली याची दर पाच मिनिटांची सरासरी.) पुढे काउंटरबद्दल, म्हणजे पोर्टवरून किती डेटा गेला ते मोजणाऱ्या आकड्याबद्दल, एक दुरुस्ती सुचवलीत, आणि शेवटी विचारलंत की रोजचे अलर्ट बघायला माणूस कुठून आणायचा.

दुरुस्ती मान्य. 1 गिगाबिटच्या पोर्टवर 32 बिटचा काउंटर 34 सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो, असं मी सरसकट लिहिलं होतं. लिंक पूर्ण भरून वाहत असेल तरच तसं होतं. ते वाक्य बदललं आहे. 64 बिटचा काउंटर वाचा, हा सल्ला कायम आहे.

आता एसी केबिन. हे तुम्ही कशावरून लिहिलंत? माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका कारखान्यात होती. तिथे सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची जागा. स्विचच्या, म्हणजे नेटवर्कच्या केबल जोडायच्या पेटीच्या, पंख्यात प्रेस शॉपची तेलकट धूळ बसायची, ती मी ब्रशने काढायचो. मतभेद असू द्या, पण माणसाची काही माहिती नसताना त्याच्या अनुभवावर बोट ठेवणं मला पटत नाही. तुमच्या ‘नखरे’ या शब्दाचा मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही.

त्याच कारखान्यात रोज संध्याकाळी डिस्पॅचचं बिलिंग अडकायचं. गेटवर ट्रक उभे, ड्रायव्हर खाली उतरून बसलेले, आणि बिल प्रिंट व्हायला दहा-दहा मिनिटं. मी पिंग लावला की रिप्लाय चोख यायचा. ग्राफ इतका खाली की साहेब म्हणाले, “लाइन तर रिकामी आहे, तू सॉफ्टवेअरवाल्याला बोलाव.” पंधरा दिवस आम्ही त्या सॉफ्टवेअरवाल्याशी भांडलो. त्याची काहीच चूक नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी स्टोअरच्या स्विचवर लॉगिन करून मी अपलिंक पोर्टचे (बाकीच्या नेटवर्कला जोडणाऱ्या पोर्टचे) एरर काउंटर बघितले. सीआरसीचा, म्हणजे खराब होऊन आलेल्या पॅकेटांचा, आकडा दर वेळी कमांड मारली की वाढलेला. दुसऱ्या टोकाला लेट कोलिजन, म्हणजे पॅकेट बरंचसं निघून गेल्यावर झालेली टक्कर. कोणीतरी स्टोअरच्या बाजूला 100 फुल (100 मेगाबिट, दोन्ही दिशांनी एकाच वेळी डेटा) हाताने बसवलं होतं आणि समोरची बाजू ऑटोवर, म्हणजे आपलं आपण ठरवण्यावर, होती. अशा वेळी ऑटोवाल्या बाजूला वेग कळतो पण डुप्लेक्स (फुल की हाफ) कळत नाही, म्हणून ती हाफवर, म्हणजे एका वेळी एकाच दिशेवर, जाते. पिंगचं पॅकेट छोटं आणि एकटंच, ते सुखरूप जाऊन येतं. बिलिंगच्या वेळी दोन्हीकडून एकदम डेटा निघाला की पॅकेट खराब व्हायची. पॅकेट हरवलं की टीसीपी (डेटा नीट पोहोचवण्याची नेटवर्कची पद्धत) आपणहून वेग कमी करतं. म्हणजे ज्या खाली असलेल्या ग्राफवर आम्ही विसंबून होतो, तो खाली होता तोच मुळी बिघाडामुळे! दोन्ही बाजू ऑटोवर टाकल्या आणि त्याच संध्याकाळी बिलं धडाधड निघाली. पंधरा दिवस मी त्या ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्यात, हे पुस्तकात वाचून लिहिलेलं नाही.

आणि पाच मिनिटांची सरासरी घ्या. लिंक 15 सेकंद शंभर टक्के भरली आणि उरलेली 285 सेकंद रिकामी राहिली, तर ग्राफ 5 टक्के दाखवतो. त्या 15 सेकंदांत फोनवर बोलणाऱ्याचा आवाज तुटलेला असतो. तुम्ही त्याला काय दाखवणार, ग्राफ? अहो, एमआरटीजी हे असे ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर 1995 च्या सुमाराला आलं तेव्हा पाच मिनिटं ठीक होती. आज त्याच लाइनवर फोन आणि व्हिडिओ कॉल चालतात.

माणूस कुठून आणायचा, त्याचा पगार कोण देणार, हा व्यवस्थापनाचा विषय आहे. त्यात मी शिरत नाही.

तुमच्या अपलिंकच्या दोन्ही टोकांचे एरर काउंटर क्लिअर करा, बिलिंगच्या ऐन गर्दीत अर्धा तास बघा आणि दिसतील ते आकडे इथे टाका. त्यावर मी रात्री जागूनही उत्तर देईन. केबिनबद्दल पुन्हा लिहिणार असाल तर देणार नाही.