कॉम्प्युटरचं नवं-जुनं

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणजे कंपनीचे नेहमीचे अपडेट बंद झाले, तेव्हा आमचं सोयाबीन खळ्यात होतं. त्यामुळे (खरं सांगायचं तर भीतीमुळे) मी दिवाळी जाऊ दिली. मग एका सकाळी कॉम्प्युटरसमोर बसलोच.

"काय करून राह्यला बे?" बाबांनी विचारलं.

"जुनी सिस्टीम संपली. नवी टाकतो."

"हाव, म्हणजे नवं-जुनं!"

इतक्या नेमक्या शब्दांत मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. दरवर्षी ३१ मार्चच्या आत पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून लगेच नवं घेणं) करून बाबांचा हात बसलेला. पण बँक निदान सातबारा पाहते, विंडोज ११ ने खानदान पाहिलं. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी. आमचा २०१४ साली यवतमाळहून मांडीवर धरून आणलेला डबा चौथ्या पिढीचा.

"बाप्पा! तुह्या सोयरिकीत बी इतक्या पिढ्या नाही पाह्यल्या कोणी."

नागपूरला शिकणारा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालते."

"मिंट म्हणजे?" आई.

"पुदिना."

"मंग दळन कायले, चटणीच वाट."

मिंटची फाइल जवळपास ३ जीबीची, आमचा नेटपॅक रोजचा दीड जीबीचा. दोन दिवस घरात रील बंद. मोबाइल स्लॅबवरच्या टाकीवर ठेवला, कारण रेंज तिथेच. त्या दोन दिवसांत बायको माझ्याशी जेवढं बोलली, तेवढं पोस्टकार्डावर मावलं असतं.

मिंट एका पेन ड्राइव्हवर चढवलं, फोटो, सातबारा, विम्याचे फॉर्म, सगळं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतलं आणि रात्री अकराला बसलो. बाबा हरभऱ्याच्या ओलिताला वावरात गेलेले. मोटारीची पाळी रात्रीची होती. यूपीएस आहे घरात, पण त्याची बॅटरी गेल्यापासून आई त्याच्यावर पाय ठेवून पोथी वाचते. पट्टी सरकत सरकत पाऊण झाली आणि लाइन गेली.

फोन वाजला. "तिकडची बी गेली का?"

"गेली."

"इकडची बी." बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. बापलेकांचं इतकं एकमत आमच्याकडे क्वचितच होतं.

दीड तासाने लाइन आली. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी. "मेलं का?" आईने दारातूनच विचारलं. सुदैवाने मिंटचा पेन ड्राइव्ह लावलेलाच होता. परत पहिल्यापासून सुरुवात. साडेतीनला पडदा हिरवट झाला.

सकाळी बाबा गुडघाभर चिखलाने आले, हात धुऊन खुर्चीवर बसले. माउस इकडेतिकडे फिरवला.

"चांगलं दिसते. पत्ते कुठी गेले?"

अकरा वर्षं जेवण झालं की बाबा त्याच्यावर सॉलिटेअर खेळत. मी सातबारा जपला होता, पत्ते नाही.

"ते... डाउनलोड करा लागन."

बाबा उठले, ओसरीवर गेले आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडले, "बंद करा रे साऱ्यायनं आपापले मोबाइल!"