एकास सहा

आमच्या कुंपणाची भिंत मीच पाडली. गाडी मागे घेत होतो. बायको फाटकाशी उभी राहून "या, या, या" म्हणत होती, म्हणून मी येत होतो. मग "अहो, बास!" आणि धप्प, असे दोन आवाज झाले. त्यांतला आधी कुठला झाला यावर आमच्यात अजून एकमत नाही.

पडली ती चार फूट लांब, अडीच फूट उंच, नऊ इंची भिंत. माझ्याच हातून सुटलेला एक विद्यार्थी आता कराडात गवंडीकामाची मोठमोठी कंत्राटं घेतो. त्याला फोन लावला. "सर, तुमचं काम म्हणजे घरचं काम," तो म्हणाला, "पण अर्ध्या दिवसाच्या कामाला गवंडी निघत नाही आणि बिगारी तर मुळीच मिळत नाही. दिवाळी झाली की बघू." कुठल्या सालची दिवाळी ते त्यानं सांगितलं नाही. नंतर चार फोन केले. चारही वेळा तो स्लॅबवर होता. गवंडी फोन उचलतो तेव्हा तो कायम स्लॅबवर असतो, असा माझा अनुभव आहे.

शेवटी ठरवलं, आपणच करू. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतोय. भूमिती कळते, गुणोत्तर-प्रमाण तर मी झोपेत शिकवतो (वर्ग झोपलेला असतो, मी नाही). हार्डवेअरवाल्यानं सांगितलं, वीटकामाला एकास सहा. एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू. मला हसू आलं. एवढ्यासाठी माणसं दिवाळीची वाट बघतात!

वहीत गणित मांडलं. लांबी चार फूट, उंची अडीच, जाडी पाऊण. गुणाकार साडेसात घनफूट. पन्नास किलोची सिमेंटची गोणी म्हणजे पस्तीस लिटर, म्हणजे अदमासे सव्वा घनफूट. सव्वा गुणिले सहा, बरोबर साडेसात! दोन्हीकडचं उत्तर तंतोतंत जुळलं. इतकं सुबक उत्तर आलं की आपण कोणाला तपासायला देत नाही. मीही दिलं नाही. या साडेसात घनफुटांत शंभरेक विटासुद्धा बसायच्या आहेत आणि माल लागतो तो फक्त त्यांच्या मधल्या सांध्यांत, हे वजा करायचं राहून गेलं. खरं तर सुटं सिमेंट तेरा-चौदा किलो आणलं असतं तरी उरलं असतं. मी अख्खी गोणी आणली.

वाळूचं वेगळंच. कृष्णा-कोयनेच्या संगमावर जन्म काढला, पण दारात टाकायला नदीची वाळू मिळेना. "आता कोण वापरतं सर, सगळीकडे क्रश सँड," टेम्पोवाला म्हणाला, आणि पाव ब्रासच्या खाली देणार नाही असंही म्हणाला. पाव ब्रास म्हणजे पंचवीस घनफूट. तो करडा ढीग त्यानं नेमका फाटकासमोर ओतला, त्यामुळे जिच्यापायी हे सगळं घडलं ती गाडी आता आतच अडकली. रात्री परतीचा पाऊस धो धो कोसळला. ढिगावर काही झाकलं नव्हतं. दगडाच्या चुऱ्याला पावसानं काय होतंय, असा माझा विचार.

रविवारी सकाळी आठला कामाला लागलो. घमेलं, फावडं आणि थापी शेजारच्या साइटवरून मागून आणली. अंगणात जुना पत्रा अंथरला. गोणी फोडून सिमेंट मोजलं, साडेतीन घमेली भरलं. म्हणजे वाळू एकवीस घमेली. एकविसाव्या घमेल्याला माझा सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता, आणि अजून कालवायला सुरुवातही नव्हती.

समोरच्या ओट्यावर आक्का बसून मिसरी लावत होत्या. आक्कांनी उभं आयुष्य बिगारी म्हणून काढलं. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांनी कालवलेल्या मालावर उभी आहेत. वास्तुशांतीला टॉवेल-टोपी मात्र गवंड्याला मिळाली. मी ढिगात फावडं घातलं तशी त्यांनी मिसरीचं बोट तोंडातून काढलं.

"मास्तर, चाळलीसा का?"

"काय?"

"वाळू वो. आन् काय, मला चाळाय सांगतीया व्हय?"

आतून बायकोचा आवाज आला, "मी सकाळीच म्हटलं, पीठसुद्धा आधी चाळून घेतात!" तिनं असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. पण चाळण नव्हती, आणि आता सिमेंट पसरून झालं होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. शिक्षकी पेशात ही कला आपोआप येते.

पुढचा अर्धा तास मी माल कोरडाच परतत होतो. आक्कांचा हुकूमच तसा होता. सगळा ढीग पत्र्याच्या या कडेचा त्या कडेला न्यायचा, मग परत इकडे, असं तीनदा. "रंग येक झाला पायजे. कुठं करडा, कुठं हिरवट दिसला तर भिताड तितंच भुगा हुतंय." तिसऱ्या फेरीला माझ्या डोळ्यांपुढे सगळे रंग एक झाले. सहलीत मुलांना किल्ल्यावरची चुन्याची घाणी दाखवताना मी दरवर्षी सांगत आलोय, की या गोल चरात चुना आणि वाळू टाकून बैलांकरवी दगडी चाक फिरवत. मुलं विचारतात, बैल दिवसभर फिरायचे? मी सहज "हो" म्हणून पुढच्या बुरुजाकडे निघतो. यंदा तिथं थोडा थांबणार आहे.

मग पाणी. ढिगाच्या मधोमध आळं करायचं आणि त्यात पाणी ओतायचं. किती? वहीत हा आकडा नव्हता. आक्कांना विचारलं.

"लागंल तेवडं."

"पण किती बादल्या?"

"आता त्ये वाळूला इचारा. काल पाऊस पिलीया ती."

मी तीन बादल्या ओतल्या. आळं काठोकाठ भरलं. छान दिसत होतं, शांत करडं तळं. आक्का ओट्यावरून ओरडल्या, "जरा मुरू द्या!" पण मुरू देणं माझ्या स्वभावात नाही. मी फावड्यानं डावीकडचा काठ आत ओढायला गेलो आणि काठच फुटला. कोयना धरणाला सहा वक्री दरवाजे आहेत. माझ्या ढिगाला एकच होता, पण तो पूर्ण उघडला. सिमेंटचं पाणी पत्र्यावरून अंगणात, अंगणातून फाटकाखालून, आणि तिथून थेट शेजारच्या वहिनींच्या ठिपक्यांच्या रांगोळीकडे निघालं. मी फावडं टाकून दोन्ही हातांनी वाळूचा बांध घालत होतो. वहिनी दारात उभ्या राहून "असू दे हो भावजी" म्हणत होत्या, पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

आक्का उठल्या. पदर खोचला आणि गल्ली ओलांडून आल्या. फावडं त्यांनी मागितलं नाही, नुसती मान हलवली तसा मी ते उचलून देऊन बाजूला झालो. सत्तरीची बाई, पण फावडं कसं चालतं ते तेव्हा बघितलं. खालून घालायचं, उचलायचं नाही, उलटायचं. मग पालथ्या फावड्यानं ओरखडे काढत दाबायचं. कडेचा कोरडा माल आत, आतला ओला बाहेर. चार-पाच वेळा असं झालं आणि ज्याला मी तासभर चिखल समजत होतो तो एकदम लोण्यासारखा चकाकायला लागला. त्यांनी थापीवर गोळा घेतला, थापी तिरकी केली. गोळा राहिला. थापीला झटका दिला. गोळा सरकन सुटला, आणि थापीला माल चिकटून राहिला नाही.

"ह्यो माल," आक्का म्हणाल्या. मग पूर्ण ढिगाकडे बघून म्हणाल्या, "आन् येवडा कशापायी? वाडा बांदताय?"

आता वीटकाम. दोरी बांधली, माल पसरला, पहिली वीट ठेवली, थापीच्या मुठीनं ठोकली. पाच मिनिटांनी दोरीला लागतेय म्हणून सरकवायला गेलो तर वीट अलगद हातात आली आणि खालचा माल थालीपिठाच्या भाजणीसारखा कोरडा. विटेनं सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. विटा आधी भिजत घालायच्या असतात, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. हे वीटकामाच्या पुस्तकात होतं, पण पुढच्या पानावर. बायकोचा कपड्यांचा टब आणला. विटा बुडबुडे सोडत बसल्या, मी घड्याळ बघत बसलो, आणि माल उन्हात पडून राहिला.

एव्हाना गल्लीतली पोरं जमली होती. पोरं जमली की माझं काय होतं ते मला ठाऊक आहे, पण थांबवता येत नाही. एकानं विचारलं, "सर, सिमेंट कुणी शोधलं?" बस्स. विटा ठेवता ठेवता मी सांगितलं, की इंग्लंडमध्ये लीड्स गावात जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाचा गवंडी होता, त्यानं 1824 साली पेटंट घेतलं, आणि तिकडच्या पोर्टलंड बेटावरच्या नामांकित दगडासारखं दिसतं म्हणून नाव ठेवलं पोर्टलंड सिमेंट. "म्हणजे सर, ब्रँडिंग?" एक पोरगा म्हणाला. मग ब्रँडिंगवरही बोललो. पाणी मिळाल्यावर सिमेंट का घट्ट होतं, ते वाळतं म्हणून नव्हे तर पाण्याशी संयोग पावतं म्हणून, हे समजावताना फावडं ढिगात घातलं तर ते आत जाईना. माझ्या विवेचनाचा पुरावा माझ्यासमोरच घट्ट होत होता.

तोवर बसल्या होत्या तेवीस विटा. ढीग होता तेवढाच होता. मी बादली उचलली.

"खबरदार!" आक्का कडाडल्या. "आंबलेल्या मालात पानी? मेलेल्याला पानी पाजून उटतंय व्हय?"

वरचा थर गेला होता, पोटातला अजून मऊ होता. आक्कांच्या हिशेबानं तासाभरात तोही जाणार. पोटातला माल दोन-तीन भिंतींना पुरेल असा, आणि माझा वेग ताशी अकरा विटांचा. हे गणित मात्र मला लगेच सुटलं. मी घमेलं भरलं आणि गल्लीत निघालो.

असा प्रसंग कोणावर येऊ नये. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, शाळेच्या पर्यवेक्षकानं, घमेलं डोक्यावर घेऊन दारोदार विचारायचं, "माल कालवलाय, थोडा देऊ का?" पहिल्या घरी त्यांना वाटलं वर्गणी मागायला आलोय, दार उघडलंच नाही. पण बातमी पसरली आणि मग मात्र हळदीकुंकवासारखी ये-जा सुरू झाली. शेजारच्या वहिनींनी मोरीतलं उंदराचं बीळ बुजवलं आणि रांगोळीचं प्रकरण मिटलं. कोपऱ्यावरच्या काकांची तुळस सहा महिने कलंडली होती, ती सरळ झाली. कोणी धुण्याचा दगड बसवला, कोणी पायरीचा टवका भरला. मारुतीच्या देवळाच्या पुजाऱ्यानं दोन घमेली नेली आणि नारळ फोडायचा दगड पक्का केला. इस्त्रीवाला नुसतीच वाटी घेऊन आला होता. कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मधल्या वेळात आक्का माल पुढे सरकवत होत्या आणि मी विटा ठेवत होतो. त्यांच्या हातात माल आल्यापासून माझा वेग दुप्पट झाला, हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी सहाला भिंत उभी राहिली. ओळंबा लावला नाही. काही प्रश्न न विचारलेले बरे असतात. पत्र्याच्या कोपऱ्यात जो काही माल उरला होता तो तिथंच दगड झाला, पत्र्यासकट.

हातांचं सांगायलाच नको. हातमोजे न घालता दिवसभर सिमेंट चाळवलं होतं. ते चुन्यासारखंच दाहक. रात्री बोटं अशी सुरकुतली आणि चिरली, की भाताचा घास तोंडात घालताना डोळ्यांत पाणी आलं. अठ्ठावीस वर्षं खडू धरलेल्या हातांना बायको खोबरेल चोळत म्हणाली, "तेराशे रुपये मागत होता ना गवंडी?" मी टेम्पो, गोणी, विटा आणि पत्रा यांची बेरीज तिला सांगितली नाही. पुढचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीवर ओली पोती टाकून पाणी मारत होतो. येणारे-जाणारे विचारायचे, "सर, आज आंघोळ झाली का?" कोणाची ते मुद्दाम मोघम ठेवायचे.

नवव्या दिवशी माझा विद्यार्थी हजर. स्लॅब पडला होता म्हणे. म्हणजे भरून झाला होता. भिंतीसमोर उभा राहून तो बराच वेळ गप्प होता. मग मान थोडी डावीकडे कलती करून बघितली. तशी बघितली की भिंत सरळ दिसते, हे मला आधीच माहीत होतं.

"पाडून सरळ करून देऊ सर, अर्ध्या तासाचं काम," म्हणत त्यानं छिन्नी लावली आणि हातोडा घातला. छिन्नी उडाली. दुसऱ्यांदा घातला. वीट फुटली, सांधा तसाच.

"माल कोणी कालवला?"

"एकास सहा, मोजून," मी ताठ होऊन म्हणालो.

त्यानं उरलेल्या वाळूच्या ढिगात हात घातला, मूठ वळली, उघडली. "ओली होती ना वाळू? ओली वाळू फुगते सर. पावपट तर सहज. तुम्ही सहा मापं टाकली, पण आत गेली पाचाच्याही कमी." तो भिंतीकडे बघत राहिला. "गुणोत्तर चुकलं तुमचं."

या मुलाला मी आठवीत गुणोत्तर-प्रमाणावर दोनदा उभं केलं होतं. त्यालाही ते आठवत असावं, कारण तो हसला नाही.

"आता ब्रेकर आणावा लागेल," तो म्हणाला. "दिवाळी झाली की बघू."

समोर ओट्यावर आक्का मिसरी लावत होत्या.