चित्र उतरवण्याआधी

'लोकांच्या भावना दुखावल्या, आता जबाबदारी चित्रकाराचीच' हे वाक्य आपल्या बडोद्यात दर काही वर्षांनी ऐकू येतं. चित्रकाराने जबाबदारी जरूर घ्यावी, पण नेमकी कशाची?

मे 2007 मध्ये इथल्या एम. एस. विद्यापीठाच्या फाईन आर्ट्स विभागाच्या वार्षिक डिस्प्लेत बाहेरची माणसं घुसली आणि परीक्षेसाठी लावलेल्या कामावरून एका विद्यार्थ्याला अटक झाली. मग मुलांनी विभागाच्याच संग्रहातून जुन्या भारतीय शृंगारशिल्पांच्या प्रतिमा काढून मांडल्या. ते प्रदर्शन बंद करायला प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला, तर तेच निलंबित झाले. 2022 मध्ये पुन्हा तेच. बलात्काराच्या बातम्यांच्या कात्रणांतून केलेल्या देवतांच्या आकृत्यांचे फोटो फोनोफोनी फिरले आणि विद्यार्थ्याला विद्यापीठातून काढलं.

फोनवर पोचतो तो चित्राचा तळहाताएवढा तुकडा. भिंतीवर शेजारी काय होतं, काम केवढं होतं, कात्रणातली बातमी कसली होती, हे सगळं त्यातून गळतं. बातमी वाचता आली नाही की उरते फक्त देवीची बाह्यरेषा. चित्रकार म. फि. हुसेन यांची सत्तरच्या दशकातली देवतांची रेखाटनं अशीच 1996 मध्ये एका मासिकात छापून आल्यावर पेटली. मधली वीसेक वर्षं कुणाचं काही दुखलं नव्हतं.

कायदाही बघणाऱ्याच्या रागावर चालत नाही. धार्मिक भावना दुखावण्याच्या गुन्ह्याला, म्हणजे जुन्या दंडविधानाच्या कलम 295अ ला, आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 ला, 'बुद्धिपुरस्सर आणि द्वेषपूर्ण' हेतू लागतो. त्याच संहितेच्या अश्लीलतेच्या कलम 294 मधून देवळांतली आणि प्राचीन स्मारकांतली शिल्पं-चित्रं वगळलेली आहेत, लोकहिताच्या दृष्टीने समर्थनीय कलाही वगळलेली आहे. जमाव चिडेल म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही, जमाव आवरणं हे सरकारचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं.

मग अडतं कुठे? क्रमात. 299 खाली कोर्टाने दखल घ्यायला सरकारची पूर्वमंजुरी लागते, पण अटकेला लागत नाही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि अजामीनपात्र. म्हणजे ब्रेक आहे, पण गाडी भिंतीला धडकल्यावर लागणारा. मार्च 2025 मध्ये जामनगरला एका कवितेवरून नोंदवलेला एफआयआर रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं: तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा प्रकरणांत आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम 173(3) प्रमाणे 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने जोखायचा, उठसूट दुखावणाऱ्याच्या नाही.

त्या 14 दिवसांत तुमच्याकडे कागद काय आहे, इथे माझ्या मते कलाकाराची खरी जबाबदारी सुरू होते. आणि इथेच आपली मंडळी ढिली पडतात. 'शीर्षकहीन, मिश्र माध्यम' एवढीच पाटी लावायची आणि चित्र स्वतः बोलेल म्हणायचं, हा गूढपणाच्या नावाखाली आळस आहे. कामाचं वर्ष, माप, माध्यम, कशावरून सुचलं याच्या पाच-सहा ओळी, त्याही गुजरातीत, आणि खाली सही-तारीख. प्रत्येक कामाचे तीन फोटो हवेत: आख्खी भिंत, पूर्ण काम, पाटीसकट जवळून. सगळे उद्‌घाटनाआधी काढलेले. नग्नता किंवा देवतेची प्रतिमा असेल तर सूचना दाराबाहेर, आत शिरल्यावर नाही, आणि ते काम दारातून दिसेल अशा भिंतीवर नको, आत वळणावर लावावं. याला कुणी सेन्सॉरशिप म्हणेल. मला तो यजमानपणा वाटतो. परीक्षेचा डिस्प्ले असेल तर दारावर 'फक्त परीक्षकांसाठी' लिहा आणि येणाऱ्याची नोंदवहीत सही घ्या.

यापुढचं, म्हणजे काच फोडणारा हात, त्याच्यामागचा कॅमेरा आणि संध्याकाळची घोषणाबाजी, चित्रकाराच्या खात्यावर टाकू नका.

गोंधळ झाला की सगळ्यात आधी हातून होणारी चूक म्हणजे घाबरून चित्र उतरवणं. उतरवलेलं चित्र दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कबुलीजबाब होतं. दार बंद करा, दिवे बंद करा, चित्र खिळ्यावरच राहू द्या. पोलिसांनी जप्तीच करायची म्हटली तर पंचनाम्यात 'एक आक्षेपार्ह चित्र' एवढंच लिहू देऊ नका. माप, माध्यम, शीर्षक लिहायला लावा, पाटीही त्याच यादीत घाला, प्रत मागा. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण चालू आहे ना, तेवढं विचारा.