ओव्हर काय भिंतीला देऊ का?

काल रात्री आठला ड्युटीवर चढले आणि आज दुपारी दोनला सुटले. अठरा तास बाप्पा! काहून तर सकाळच्या सिस्टरच्या पोराला ताप आला, ती येऊ शकली नाही. तिच्यावर राग नाहीच माझा, पोरगं तापानं फणफणलेलं टाकून कोण येईल? राग ह्याचा आहे की तिच्या जागी उभं राहायला अख्ख्या हॉस्पिटलात दुसरं माणूसच ठेवलेलं नाही. इन्चार्जला फोन केला तर म्हणे "थांब ना थोडं, मी बघते." दोन वाजेपर्यंत बघूनच राहिली होती.

ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची सगळी माहिती सोपवणं, ते न देता वॉर्ड सोडला की मेमो. अन् घ्यायलाच कोणी नाही तर ओव्हर काय भिंतीला देऊ?

रात्री 22 पेशंटवर आम्ही दोघी, त्यातली एक नुकतीच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन आलेली, सलाइन लावताना हात थरथरतो बिचारीचा. सरकारच्याच स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा हिशोब आहे की जनरल वॉर्डात 6 बेडमागे 1 नर्स, म्हणजे चार तरी पाहिजेत की नाही? पहाटे चारला 9 नंबरच्या आजोबांनी हाताच्या शिरेतलं सलाइनचं व्हेनफ्लॉन उपटलं, गादीभर रक्त, मी कापूस दाबून बसली आहे, हाका मारते आहे, वॉर्डाच्या कामवाल्या मावशीचा पत्ता नाही, आणि तिकडे स्पेशल रूमची बेल थांबायलाच तयार नाही. धावत गेले तर साहेब म्हणतात "सिस्टर, एसी जरा कमी करा ना." रिमोट उशाशी होता त्यांच्या!! त्यांना तरी काय बोलू, दिवसाचं एवढं भाडं घेतात म्हटल्यावर माणूस बेल वाजवणारच. पण ते भाडं जातं कुठे? आमच्या चेंजिंग रूममध्ये तर नाही जात नक्की, तिथे सलाइनचे खोके रचलेत आणि दाराला कडी नाही.

इन्स्पेक्शनची टीम येणार असली की मात्र कुठून कुठून पोरी उगवतात, नर्सिंग कॉलेजमधून आणून वॉर्डात उभ्या करतात. मागच्या वेळी ते दोन दिवस मी चक्क वेळेवर जेवले होते.

पगाराचं बोलू नये म्हणतात, का बोलू नये? सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये खासगी हॉस्पिटलातल्या नर्सेससाठी केंद्राला समिती नेमायला लावली, समितीने लिहून दिलं की 200 च्या वर बेड असतील तर पगार सरकारी नर्सच्या बरोबरीने, आणि 50 पेक्षा कमी बेडचं छोटं हॉस्पिटल असलं तरी 20 हजारांच्या खाली नको. ड्युटीचे तास, रजा, येण्याजाण्याची सोय, सगळं सरकारीसारखं. इकडे नागपुरात धंतोलीत एका गल्लीत चार हॉस्पिटलं, विचारा कोणत्याही सिस्टरला हातात किती पडतात ते. वरून आमचे ओरिजिनल सर्टिफिकेट कपाटात कुलूपबंद, बॉण्ड म्हणून. म्हणजे सोडून जायचीही सोय नाही, आणि मग मीटिंगमध्ये हेच विचारतात की तुमच्या चेहऱ्यावर स्माईल का नसते.

12 मे ला, नर्सेस डे म्हणून, केक कापतात. यावर्षी फोटोसाठी तिघींना वॉर्डातून बोलावलं, मागे एकटी मी, 45 डिग्रीत वॉर्डाचा कूलर बंद पडलेला, नातेवाईक माझ्याच अंगावर ओरडून राहिले. केक नंतर पाठवला म्हणे वर. आला तेव्हा क्रीम वितळून बॉक्सला चिकटलं होतं.

आत्ता पाच वाजले. पाय सुजलेत, झोप येत नाही. आज माझा विकली ऑफ होता. तेवढ्यात ग्रुपवर इन्चार्जचा मेसेज, आजचे सगळे ऑफ कॅन्सल, नंतर ॲडजस्ट करू. खाली एकेकीने अंगठा दिलाय, मोजून अकरा अंगठे.

मी नाही दिला अजून.