स्प्लिटबोर्ड विकणाऱ्यांनो, आधी मापं छापा!

स्प्लिटबोर्डच्या विक्रीचं कुठलंही पान उघडा. झकास फोटो, "बिगिनर ते एक्सपर्ट" अशी भंपक पट्टी आणि लांबी 159 की 162 सेंटिमीटर. बास! ज्या मापांवर सगळं अवलंबून आहे ती गायब. स्प्लिटबोर्ड म्हणजे उभा दुभागणारा स्नोबोर्ड: बोर्डाचे दोन भाग करून, खाली स्किन (बर्फावर मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) लावून स्कीसारखं वर चढायचं, वर पोचल्यावर जोडून खाली यायचं. म्हणजे बोर्ड, बाइंडिंग (बूट बांधायची बैठक), पक (उतरताना बाइंडिंग ज्यांवर सरकवतात त्या चकत्या), ब्रॅकेट (चढताना बाइंडिंगचं पुढचं टोक ज्यात अडकतं तो), स्किन, क्रॅम्पॉन (गोठलेल्या चढणीवर रुतणारे दात) हे सगळं एकमेकांना बसलंच पाहिजे. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, तरी "युनिव्हर्सल आहे, सगळ्याला बसतं" म्हणून गळ्यात मारतो.

कसलं युनिव्हर्सल? स्पार्क आर अँड डी कंपनीची बाइंडिंग व्होइले कंपनीच्या पद्धतीच्या पकवर सरकते. काराकोरम कंपनीची जोडणीच निराळी, तिच्या प्लेटा वेगळ्या लावाव्या लागतात. आणि स्पार्कमध्येसुद्धा जुनी पिनवाली वेगळी, बिनपिनची, "टेस्ला" नावाची वेगळी. सेकंडहँड बोर्डावर जुनेच ब्रॅकेट ठोकलेले असतात. टेस्ला बाइंडिंग पकवर अगदी छान सरकते, गिऱ्हाईक घरी खूश होतं. मग चढायच्या वेळी तीच बाइंडिंग ब्रॅकेटमध्ये अडकवायला गेलं की पुढचं टोक लॉकच होत नाही! चढणीचा ब्रॅकेट कुठल्या पद्धतीचा आहे, एवढं एक वाक्य लिहायला काय जातं?

पक बसवायचं तर कुणी सांगतच नाही. एका बाइंडिंगखालचे दोन्ही पक एका रेषेत नसले तर ती मध्येच अडकते, म्हणून स्क्रू आधी अर्धवट आवळायचे, बाइंडिंग पूर्ण सरकवून बघायची आणि मगच घट्ट करायचं. स्क्रू एम6 असतात, पण लांबी जास्त झाली तर इन्सर्टच्या (बोर्डात बसवलेल्या आटेदार भोकाच्या) तळाला टेकून बोर्डाच्या तळाला फुगवटा येतो. उलट आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवरच धरतो आणि उपटून येतो. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) न लावता विकलेले बोर्ड तर सरसकट दिसतात. टोकाचे हूक आणि क्लिप चढणीत हलून हलून सैल होतात, मग दोन अर्ध्यांमध्ये फट पडते आणि उतरताना बोर्ड वळतच नाही.

रॉकरचं, म्हणजे टोकं वर वळलेल्या बाकाचं, तर बोलायलाच नको. पूर्ण रॉकरचा बोर्ड भुसभुशीत बर्फावर तरंगतो म्हणून मारे विकायचा! स्की म्हणून वापरताना टोक आणि शेपूट वर उचललेली राहतात, स्किनचा बर्फाशी संपर्क कमी होतो आणि कडक चढणीवर पाय मागे घसरतो. पायांच्या मध्ये कॅम्बर (कमानीसारखा उलटा बाक) हवा, हे जाहिरातीत कुठे आहे?

स्किनचा छळ वेगळाच. "बोर्डाबरोबर मोफत" म्हणून कोपऱ्यात दोन पट्ट्या पडलेल्या असतात, पण कापायच्या कशा हे कोण सांगणार? आधी एक बाजू कडेला लागून कापायची. मग स्किन उचलून ती कापलेली बाजू 4 मिलिमीटर आत सरकवायची आणि दुसरी बाजू कडेला लागून कापायची. आता स्किन मध्यावर आणली की दोन्हीकडे 2 मिलिमीटर धातूची कड उघडी राहते. ती कड झाकली गेली तर गोठलेल्या तिरक्या उतारावर बर्फात रुतायला काही उरतच नाही. शिवाय मोहेरची (अंगोरा शेळीच्या केसांची) स्किन पुढे जास्त सहज सरकते, नायलॉनची जास्त पकडते, मिश्र त्यांच्या मधली. हा फरक सांगायचा नाही, रंग मात्र सांगायचा. आणि ओली स्किन थंडीत गोठली की गोंद धरत नाही, तिथे जॅकेटच्या आत ऊब देण्याशिवाय इलाज नाही.

क्रॅम्पॉन तर बाइंडिंगच्या कंपनीप्रमाणेच बसतात. शिवाय रुंदी बघावी लागते. कमरेशी, म्हणजे मधल्या अरुंद भागाशी, 260 मिलिमीटरचा बोर्ड म्हणजे प्रत्येक अर्धा साधारण 130. क्रॅम्पॉन त्याहून अरुंद असेल तर खाली उतरतच नाही, दात हवेत राहतात. त्यामुळे अर्ध्या बोर्डाची रुंदी छापणं हे उपकार नाहीत, किमान कर्तव्य आहे.

भारतात तर उधारउसनवारीवर किंवा परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या बॅगेवर काम चालतं. काश्मीरमधल्या गुलमर्गला, अफरवट डोंगरावर गोंडोलाच्या वरच्या स्थानकाशी, जवळपास 3,950 मीटरवर, तुमचा ब्रॅकेट लागत नाही म्हणून परत देणार कुणाला? सगळ्यात संताप येतो तो "सेफ्टी किट" नावाने गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या फावड्याचा. हिमस्खलनानंतरचा बर्फ घट्ट होतो, प्लास्टिकचं पातं त्यात तुटतं. फेब्रुवारी 2023 मध्ये याच गुलमर्गच्या उतारांवर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. धातूचं फावडं, किमान 240 सेंटिमीटरची प्रोब (बर्फात खुपसून गाडलेल्याला शोधायची काठी) आणि तीन अँटेनाचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), याहून कमी विकणाऱ्याने ते किट खेळण्यांच्या दुकानात ठेवावं.